सांधा

कुंभारवेशीत परवा पुन्हा रस्ता खणला.
पाण्याची लाइन, म्हणाला ठेकेदाराचा पोरगा,
आणि जेसीबीने दोन घासांत वर काढलं सगळं:
डांबर, डांबराखालचं डांबर,
मुरूम, काळी माती, खापऱ्या.
मेथीची पिशवी धरून मी काठावर.
तोंडातून गेलंच, "अरे, थर बघा जरा, थर."
"काका, मागं सरा."

थर बघायला मी ग्रीसला जाऊन आलोय,
हे त्याला काय माहीत.
पैसे वृषालीने भरले. बाबा, रिटायर झालात,
सुट्टीला म्हणून कधी गेलाच नाहीत.
आणि पाठवलं कुठे, तर खणायला.
एकतीस वर्षं टेलिफोनचा जॉइंटर,
अख्ख्या कसब्याचे खड्डे गुडघ्यांना पाठ,
त्या बापाला सुट्टीतही खड्डाच.
खुटवडांकडे हा विनोद दिवाळीपर्यंत पुरला.

कोरिंथच्या पुढे टेकडी, खाली संत्र्यांची बाग.
पहाटे सहाला दोरी ताणून चौकोन.
आम्ही आठ जण, त्यात एक दातांचा डॉक्टर.
हातात थापी,
गवंड्याच्या पोराने खेळायला घ्यावी एवढी.
स्ताव्रूला, आमची मुकादम, सांगायची:
खणू नका, खरवडा.
माती रंग बदलेल तिथे थांबा.
मी थांबायचो.
नोकरीत कुणी थांब म्हणालं नव्हतं,
साहेब वरून विचारायचे, झालं का?
दुपारी खापरं धुवायची, दात घासायच्या ब्रशने,
आणि फडक्यावर वाळत घालायची
कुरडयांसारखी.

नवव्या दिवशी माझ्या चौकोनात नळ लागला.
भाजलेल्या मातीचा,
एकाचं तोंड दुसऱ्याच्या गळ्यात,
मध्ये चुना.
सगळे जमले. दोन हजार वर्षं, नाही, जास्तच,
फोटो निघाले.
मी सांधा बघत होतो.
वरच्या अंगाला चुना बोटाने नीट फिरवलेला,
खाली नुसता थापलेला,
जिथे हात पोचत नाही
आणि मुकादम वाकून बघत नाही, तिथे.
म्हटलं, हे घाईचं काम. संध्याकाळ झाली होती.
माझं इंग्रजी दातांच्या डॉक्टरने सरळ करून सांगितलं.
स्ताव्रूला हसली. असेलही,
पण वहीत असं लिहिता येत नाही.
तिने लिहिलं: नळ, दोन तुकडे, सांधा, चुना.

तर परवा, कुंभारवेशीत,
जेसीबीचे दात वर आले
त्यांना केबल लोंबत होती, जुनी, शिशाची,
आणि मधेच फुगलेली,
बेडूक गिळलेल्या सापासारखी.
सांधा.
माझाच. विचारावं लागलं नाही कुणाला.
वरून पुसून गुळगुळीत,
खाली ओघळ तसाच.
शहाऐंशी साल, शनिवार.
सहाच्या खेळाची दोन तिकिटं खिशात होती.
तरी पोचेपर्यंत जाहिराती संपल्या,
आणि ही मध्यंतरापर्यंत बोलली नाही.

चालला मात्र तो.
चारशे घरांची बोलणी गेली त्यातून,
बारसी, मयती, राँग नंबर,
एक बाई रोज रात्री नागपूरला फक्त "जेवलास?" विचारायची,
लाइन तपासताना कानावर यायचं.
त्या नळातून पाणी झिरपायचं का,
हे विचारायचं राहूनच गेलं तिकडे.
त्या माणसाला खिसा नसेल,
पण कुठेतरी जायचं होतं त्याला, एवढं नक्की.

भंगारवाल्याने तोवर काटा आणला.
शिसं किलोवर जातं.
वीतभर तुकडा मागितला, दोनशे रुपये घेतले त्याने,
मेथी तिथेच राहिली.
घरी मोरीत बसून धुतला, जुन्या ब्रशने,
आणि पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली दोऱ्याने:
कुंभारवेस. विटांच्या थराखाली.
काम घाईचं. संध्याकाळ झाली होती.

वृषाली फोनवर म्हणाली,
शिसं आहे बाबा ते,
आधी हात धुवा.